अकरा तारीख, विंडोजचा अपडेट आणि बंद करून ठेवलेल्या सर्व्हिसेस: काय काय परत चालू करू?

वाशिष्ठीकाठ
१३ फेब्रुवारी २०२६, रात्री १०.१०

नमस्कार. प्रश्न लांबलचक आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय नेमकं उत्तर मिळणार नाही म्हणून सविस्तर लिहिते.

मी चिपळूणला राहते आणि घरूनच हिशेबाची कामं करते. टॅलीत नोंदी, जीएसटीची विवरणपत्रं, थोडं टीडीएस. नऊ दुकानदार आणि काजूप्रक्रियेची एक प्रायव्हेट लिमिटेड कंपनी, एवढा व्याप. २२ जुलै २०२१ च्या पुरात आमच्या तळमजल्यावर छातीइतकं पाणी चढलं होतं, त्यात आधीचा कॉम्प्युटर गेला. लोकांची कामं अडली होती, म्हणून घाईघाईत एक वापरलेला डेस्कटॉप घेतला. तोच आजवर चालवतेय. आय-थ्री सातव्या पिढीचा, ४ जीबी रॅम, १ टीबीची जुनी फिरती हार्ड डिस्क, विंडोज १०. दिवाळीत भाचा आला होता, त्यानं विंडोज १० ची मुदतवाढ नोंदवून दिली. त्यामुळे १४ ऑक्टोबर २०२५ नंतरही सुरक्षेचे अपडेट येत राहतील, असं त्यानं समजावलं होतं.

डिसेंबरात मशीन फारच रखडायला लागलं. सकाळी चालू केलं की चहा होऊन, देवपूजा होऊन आलं तरी डिस्कचा दिवा लुकलुकतच. एका दुकानातून मुलगा बोलावला. त्यानं पेन ड्राइव्हवरून कसलीशी फाइल चालवली, काळ्या खिडकीत भराभर ओळी सरकल्या आणि म्हणाला, ‘मॅडम, नको असलेल्या सगळ्या सर्व्हिसेस बंद केल्या, अपडेटही बंद केला, आता पळेल.’ सर्व्हिसेस म्हणजे विंडोजमध्ये पडद्यामागे चालणारे छोटे प्रोग्रॅम. त्यातलं काय काय बंद केलं याची यादी मी मागितली, ती काही मिळाली नाही. दुकानाचं नाव इथे लिहिणार नाही, कृपया विचारू नका. मशीन थोडं बरं चाललं, हेही खरं.

आता परवाचं. ११ तारीख म्हणजे जीएसटीआर-१ चा, म्हणजे महिन्याच्या विक्रीच्या विवरणपत्राचा, शेवटचा दिवस. पाच दुकानदारांची मासिक विवरणपत्रं आणि कंपनीचं एक, अशी सहा राहिली होती. बुधवारी सकाळी साडेआठला बसले तर टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के. टॅली उघडायला सात मिनिटं. वरच्या ओळीत ‘विंडोज मॉड्यूल्स इन्स्टॉलर वर्कर’, त्याखाली ‘अँटीमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल’, आणि मग ‘सर्व्हिस होस्ट’, ‘सर्व्हिस होस्ट’ अशा मोजता येणार नाहीत इतक्या ओळी. साडेदहाला माउसही हलेना. तेव्हा मी पॉवरचं बटण दाबून धरलं आणि मशीन बंद केलं. ते करायला नको होतं, हे मला नंतर कळलं. पुन्हा चालू केल्यावर ‘अपडेट पूर्ण करता आला नाही, बदल मागे घेत आहोत’ असा निळा पडदा, तो थेट पावणेएकपर्यंत.

दुपारनंतर पाचही दुकानदारांची विवरणपत्रं भरली, त्यांना मालकाच्या मोबाइलवरच्या ओटीपीनं सही चालते. कंपनीला मात्र डिजिटल सहीचं टोकनच लागतं, म्हणजे सहीचं प्रमाणपत्र असलेलं, पेन ड्राइव्हसारखं दिसणारं उपकरण. टोकन लावलं, त्याचा दिवा लागला, पण पोर्टलवर सहीच्या वेळी प्रमाणपत्र दिसेना. टोकनचं सॉफ्टवेअर दोनदा काढून पुन्हा घातलं. केबल बदलली, पोर्ट बदलला, ब्राउझर बदलला. रात्री बारा वाजले आणि तारीख गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तेच टोकन घेऊन बाजारपेठेत ओळखीच्या सीएंच्या ऑफिसात गेले. पहिल्या झटक्यात सही झाली. पण १२ तारीख. ज्यांना जीएसटी माहीत आहे त्यांच्या लक्षात येईल: ११ नंतर भरलेली बिलं पुढच्या महिन्याच्या २बी मध्ये, म्हणजे खरेदीदाराला मिळणारी कराची वजावट (क्रेडिट) दाखवणाऱ्या तक्त्यात, जातात. उद्या १४ ला २बी तयार होईल आणि त्यात कंपनीच्या अकरा ग्राहकांना ही बिलं दिसणार नाहीत. कोल्हापूरच्या एका घाऊक व्यापाऱ्याचं साडेसदतीस हजारांचं क्रेडिट महिनाभर लांबलं. कंपनीचे मालक मला काही बोलले नाहीत. त्या व्यापाऱ्याचा फोन मीच घेतला.

मला समजून घ्यायचंय ते असं. त्या मुलानं काय काय बंद केलं हे आता कसं शोधू, आणि त्यातलं काय परत चालू करू? अपडेट बंद केला होता ना, मग तो उठला कसा, आणि नेमका ११ लाच कसा? आणि कुठलीही गोष्ट न मोडता हे मशीन हलकं करायचा काही सरळ मार्ग आहे का? नवीन मशीन घ्यायचंय, पण या आर्थिक वर्षात नाही. नेट म्हणाल तर घरी फायबर आहे, वीज गेली की मोबाइलचं हॉटस्पॉट.

---

माळरान
१३ फेब्रुवारी, रात्री ११.२५

ताई, तुमचा दिवस कसा गेला असेल ते समजू शकतो, माझंही सोलापुरात झेरॉक्स आणि टायपिंगचं काम आहे. माझा अनुभव सांगतो. अपडेट पूर्ण बंद करायचा, अर्धवट नाही. मी चार वर्षं बंद ठेवलाय, अजून काही झालं नाही. जुनं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर आहे, डोंगलवर (यूएसबीला लावायच्या किल्लीवर) चालणारं. एकदा मोठ्या अपडेटनंतर डोंगलचा ड्रायव्हर चालेना, लग्नसराईत तीन दिवस काम बंद. तेव्हापासून हात लावू देत नाही.

---

पहाटपाळी
१५ फेब्रुवारी, दुपारी ३.४०

आज महाशिवरात्रीची सुट्टी, म्हणून निवांत लिहितो. मी साताऱ्याला एका पतसंस्थेची तीसेक मशीन सांभाळतो. टोकन, प्रिंटर आणि अपडेट हेच माझं रोजचं जेवण.

वाशिष्ठीकाठ ताई, पहिली गोष्ट, तुमच्या टोकनमध्ये दोष नव्हता आणि तुमच्या हातूनही टोकनच्या बाबतीत काही चुकलं नाही. यूएसबी टोकन हे विंडोजच्या लेखी स्मार्ट कार्ड असतं. ते वाचायचं काम ‘स्मार्ट कार्ड’ नावाची सर्व्हिस करते, आणि त्यातलं प्रमाणपत्र ब्राउझरला दिसेल अशा जागी आणून ठेवायचं काम ‘सर्टिफिकेट प्रोपगेशन’ ही दुसरी. ‘मशीन फास्ट करा’ छापाच्या जवळपास प्रत्येक यादीत स्मार्ट कार्डचं नाव असतं, कारण यादी करणाऱ्याच्या डोळ्यांसमोर घरी गेम खेळणारा माणूस असतो. त्याला टोकन लागत नाही. तुमचं पोट त्यावर आहे. दिवा लागला कारण वीज मिळत होती. विचारणारं पलीकडे कोणी नव्हतं.

आता शोधायचं कसं. आधी टॅलीच्या डेटाचा बॅकअप पेन ड्राइव्हवर घ्या, मगच पुढचं. स्टार्ट दाबून ‘सर्व्हिसेस’ टाइप करा, जी खिडकी उघडेल तिथे ‘स्टार्टअप टाइप’ या रकान्याच्या डोक्यावर क्लिक करा. सगळ्या ‘डिसेबल्ड’ एकत्र येतील. मोबाइलनं फोटो काढून ठेवा. न छेडलेल्या विंडोज १० मध्ये डिसेबल्ड सर्व्हिसेस मोजक्याच असतात: राउटिंग अँड रिमोट ॲक्सेस, रिमोट रजिस्ट्री, नेट डॉट टीसीपी पोर्ट शेअरिंग, ऑटो टाइम झोन अपडेटर, ओपनएसएसएच ऑथेंटिकेशन एजंट वगैरे. त्या तशाच राहू द्या. तुमच्याकडे तीस-चाळीस दिसल्या तर बाकीच्या त्या मुलानं बंद केलेल्या, असं समजायला हरकत नाही.

परत आणताना इतकं जपा. सगळ्या ‘ऑटोमॅटिक’ करू नका. ‘मॅन्युअल’ या शब्दानं खूप लोक फसतात. त्यांना वाटतं मॅन्युअल म्हणजे आपण हातानं चालू करेपर्यंत बंद. तसं नाही. मॅन्युअल म्हणजे गरज पडली की विंडोज किंवा एखादा प्रोग्रॅम तिला उठवतो, एरवी ती झोपलेली असते आणि मेमरी खात नाही. विंडोज अपडेट स्वतःसुद्धा मुळात मॅन्युअलच असते. त्यामुळे स्मार्ट कार्ड, सर्टिफिकेट प्रोपगेशन, विंडोज अपडेट आणि ‘बॅकग्राउंड इंटेलिजंट ट्रान्स्फर’ या चार मॅन्युअलवर ठेवा. ‘क्रिप्टोग्राफिक सर्व्हिसेस’ मात्र ऑटोमॅटिक पाहिजे, अपडेटची आणि सहीची प्रमाणपत्रं तीच तपासते. प्रिंट स्पूलर बंद असेल तर तोही ऑटोमॅटिक करा. तो नसेल तर कागदावर सोडाच, पीडीएफ म्हणून प्रिंटसुद्धा निघत नाही. ‘विंडोज टाइम’ मॅन्युअल. घड्याळ मागे पडलं तर सह्या आणि सुरक्षित वेबसाइट दोन्ही अडतात, आणि तुमच्या मशीनच्या वयाला मदरबोर्डवरची बटणासारखी बॅटरीही संपत आलेली असू शकते, ती एकदा बघून घ्या. उरलेल्या अनोळखी सर्व्हिसेस मॅन्युअलवर ठेवून रिस्टार्ट करा आणि आठवडाभर बघा.

रिस्टार्टच करा, शटडाउन नाही. विंडोज १० मध्ये ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल तर शटडाउन पूर्ण होत नाही. गाभ्याची अवस्था डिस्कवर लिहून ठेवली जाते आणि सकाळी तिथूनच पुढे सुरू होतं. रोज रात्री बंद करूनही मशीन महिनाभर खऱ्या अर्थानं नव्यानं सुरू झालेलं नसतं, असं मी पतसंस्थेत कितीदा पाहिलंय.

अपडेट उठला कसा, तर विंडोजमध्ये ‘विंडोज अपडेट मेडिक’ नावाची वेगळी सर्व्हिस आहे. अपडेटची यंत्रणा बिघडली किंवा बंद पडली तर ती दुरुस्त करायची, एवढंच तिचं काम. तुमची बंद केलेली सर्व्हिस तिला आजारी वाटली, तिनं ती उभी केली. आणि ११ लाच का, याचं उत्तर कॅलेंडरमध्ये आहे. मायक्रोसॉफ्टचे सुरक्षेचे अपडेट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सकाळी दहाला. २००३ पासून हा शिरस्ता आहे. तिकडचे सकाळचे दहा म्हणजे आपल्याकडे मंगळवारी रात्री साडेअकरा, त्यांचा उन्हाळी वेळ असेल तर साडेदहा. म्हणजे आपल्या मशीनवर ते बुधवारी सकाळी उतरतात. या फेब्रुवारीत दुसरा मंगळवार १० ला होता, बुधवार ११ ला. मार्चमध्येही तसंच आहे, दुसरा मंगळवार १० आणि बुधवार ११. म्हणून आजच तजवीज करा.

तजवीज अशी. सेटिंग्जमध्ये ‘अपडेट अँड सिक्युरिटी’, तिथे ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’, तळाशी ‘पॉज अपडेट्स’. तिथे ३५ दिवसांपर्यंतची तारीख निवडता येते. आज २२ फेब्रुवारी निवडा, म्हणजे ११ ला अर्धवट राहिलेला अपडेट २० तारखेच्या ३बी च्या (महिन्याचा कर भरायच्या विवरणपत्राच्या) आड येणार नाही. २२ ला रविवार आहे. त्या दिवशी अपडेट पूर्ण करा, रिस्टार्ट करा, सगळं चालतंय ना बघा, आणि लगेच पुन्हा २२ मार्चपर्यंत पॉज करा. मुदत संपली की आधी अपडेट घ्यावाच लागतो, त्याशिवाय पुन्हा पॉज करता येत नाही, त्यामुळे विसरून राहण्याची सोय नाही. विंडोज १० चे महिन्याचे अपडेट एकत्रित असतात, नव्यात जुनं सगळं येतं, म्हणून एखादा महिना हुकला तर दोन घ्यावे लागत नाहीत. सर्व्हिस बंद करणं म्हणजे दाराला खिळे ठोकणं. पॉज म्हणजे कडी.

‘ॲक्टिव्ह अवर्स’ सकाळी ७ ते रात्री १२ करा. जास्तीत जास्त १८ तास ठेवता येतात, तुमचे सतरा होतील. त्या वेळेत ते आपण होऊन रिस्टार्ट होत नाही. आणि हॉटस्पॉटच्या वायफायवर उजवीकडच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये जाऊन ‘मीटर्ड कनेक्शन’ चालू करा, नाहीतर वीज गेलेल्या दुपारी दिवसाचा डेटा अपडेटच संपवेल. त्याच अपडेटच्या पानावर ‘डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन’ आहे. त्यातलं ‘इतर पीसींकडून डाउनलोड’ बंद केलंत तर तुमच्या नेटवरून दुसऱ्याला तुकडे जाणार नाहीत.

माळरान, तुमचे लग्नसराईतले तीन दिवस मला पूर्ण पटतात. ड्रायव्हर मोडला की पोटावरच येतं. पण एक आठवण देतो. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस आला तेव्हा ज्या भोकातून तो शिरला ते बुजवणारा अपडेट १४ मार्चलाच आलेला होता. हल्ला १२ मेला झाला. मधे जवळजवळ दोन महिने होते. ज्यांनी अपडेट बंद ठेवले होते त्यांच्या फायली कुलूपबंद झाल्या. दहा-बारा दिवस उशीर मी स्वतः करतो, कारण अपडेटमध्ये काही गडबड असेल तर तेवढ्यात कळते. चार वर्षं नाही. तुमच्या टायपिंगच्या मशीनला नेट लागत नसेल तर त्याचं नेट काढून ठेवा, ते जास्त चांगलं. ताईंच्या मशीनवर मात्र दहा जणांचे पॅन, बँक खाती आणि विक्रीचे आकडे आहेत.

आता हलकं करायचं काय, ते. खरं सांगतो, त्या चाळीसातल्या बहुतेक सर्व्हिसेस मुळात झोपलेल्याच असणार. एक्सबॉक्सच्या चार असतात, चारही मॅन्युअल. त्या डिसेबल करून कशातच फरक पडत नाही. ‘कनेक्टेड यूझर एक्स्पीरियन्सेस अँड टेलिमेट्री’ (वापराची माहिती मायक्रोसॉफ्टला पाठवणारी) बंद ठेवली तर तुमचं काही अडणार नाही. ‘सिसमेन’, म्हणजे पूर्वीची सुपरफेच, हिच्याबद्दल ठाम सांगत नाही. वारंवार लागणारे प्रोग्रॅम आधीच मेमरीत आणून ठेवायचं ती काम करते. पण ४ जीबी रॅम आणि फिरती डिस्क असली की कधी कधी तीच डिस्क धरून बसते. एक आठवडा चालू, एक आठवडा बंद, असं करून तुम्हीच ठरवा.

सर्व्हिस होस्टच्या ओळींना घाबरू नका. पूर्वी एका होस्टमध्ये अनेक सर्व्हिसेस कोंबलेल्या असायच्या. २०१७ च्या १७०३ आवृत्तीपासून साडेतीन जीबीपेक्षा जास्त रॅम असलेल्या मशीनवर बहुतेक सर्व्हिसेसना स्वतंत्र होस्ट मिळतो, म्हणून यादी लांब दिसते. ओळीवर बाण असतो, तो उघडला की आत कोण आहे ते नाव दिसतं. ‘विंडोज मॉड्यूल्स इन्स्टॉलर वर्कर’ वर दिसला तर मात्र समजायचं की अपडेट बसतोय, आणि त्या वेळी काहीही झालं तरी पॉवरचं बटण दाबायचं नाही. यूपीएस नसेल तर आधी यूपीएस.

सर्व्हिसेसपेक्षा टास्क मॅनेजरमधला ‘स्टार्टअप’ टॅब बघा. स्कॅनरचा, प्रिंटरचा, व्हिडिओ कॉलचा, असे आठ-दहा प्रोग्रॅम तिथे बसलेले असतात. टोकनचा सोडून बाकीचे डिसेबल करा, त्यानं काही मोडत नाही.

आणि खरा रोग त्या फिरत्या डिस्कमध्ये आहे. अपडेट, अँटीव्हायरस, टॅली तिघंही एकाच सुईनं वेगवेगळ्या कोपऱ्यांत धावतात. एक एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, घाला, विंडोज त्यावर क्लोन करून (जसंच्या तसं उतरवून) घ्या, जुनी डिस्क डेटासाठी राहू द्या. रॅम ८ जीबी करता आली तर उत्तम, पण दोन्हींतलं एकच परवडत असेल तर एसएसडी.

---

निळीशाई
१५ फेब्रुवारी, सायं. ६.०५

सुंदर माहिती. एवढं करण्यापेक्षा विंडोज ११ घातलं तर?

---

पहाटपाळी
१५ फेब्रुवारी, सायं. ७.३०

सातव्या पिढीच्या आय-थ्रीला ते अधिकृतपणे चालत नाही, आठव्या पिढीपासून पुढचा इंटेल प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते. आडवाटेनं घालणारे आहेत, पण अशा मशीनला पुढचे अपडेट मिळतील याची हमी नसते. हिशेबाच्या मशीनवर मी तो खेळ करणार नाही. घरगुती विंडोज १० ची मुदतवाढ १३ ऑक्टोबर २०२६ ला संपते. ताईंनी नवीन आर्थिक वर्षात मशीन घ्यायचं म्हटलंय, ते त्या आधी झालं म्हणजे बरं.

---

मांडवीतीर
१६ फेब्रुवारी, सकाळी ९.१५

पणजीहून. घरच्या जुन्या मशीनवर मी विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली वापरतो आणि अपडेटच्या बाबतीत समाधानी आहे. अपडेट मॅनेजर यादी दाखवतो, मी वाचतो, मला हवं तेव्हा बसवतो. आधी टाइमशिफ्टनं प्रत घेऊन ठेवली की काही बिनसलं तर मागे जाता येतं. कुठल्या सर्व्हिसनं सुरू व्हायला किती सेकंद घेतले तेही एका आज्ञेत समजतं. मात्र ताई, तुम्हाला आत्ता हा सल्ला देणार नाही. टॅली विंडोजसाठीच बनतं, आणि टोकन लिनक्सवर बसवता आलं तरी ११ तारखेच्या रात्री त्याच्याशी झगडत बसणं नको. नवीन मशीन आलं की हे जुनं घरच्या मुलांसाठी मिंट घालून चालेल. त्या वेळी इथे लिहा, मी मदत करेन.

---

वाशिष्ठीकाठ
१२ मार्च २०२६, सकाळी ११.५०

सगळ्यांचे मनापासून आभार. महिनाभर गप्प होते, कारण ११ मार्च गेल्याशिवाय काही लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

काय झालं ते क्रमानं सांगते. १६ फेब्रुवारीला सर्व्हिसेसची खिडकी उघडली. डिसेबल्ड निघाल्या एकेचाळीस. पहाटपाळींनी सांगितलेली पाच नावं वगळून बाकीच्यांवर एकेक करून बसले. स्मार्ट कार्ड, सर्टिफिकेट प्रोपगेशन, दोन्ही डिसेबल्ड होत्या. मॅन्युअल केल्या, रिस्टार्ट केलं, टोकन लावलं. प्रमाणपत्र दिसलं! माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्या रात्रीचे सहा तास, आणि उपाय दोन ओळींचा. विंडोज टाइमही बंद होती, घड्याळ चार मिनिटं मागे होतं.

प्रिंट स्पूलर मात्र चालूच होता. म्हणजे प्रिंट निघणं थांबलं तर मी लगेच फोन करेन, हे त्या मुलाला माहीत असणार. टोकन महिन्यातून एकदाच लागतं, ते त्याला कसं कळणार? त्यानं विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. आता घरी कोणी मशीनला हात लावायला आलं की मी आधी या मशीनवर काय काय चालतं त्याचा कागद हातात देते: टॅली, टोकन, प्रिंटर, स्कॅनर, मराठी टायपिंग.

२० तारखेच्या ३बी होईपर्यंत मशीन उघडू दिलं नाही. २१ ला दुसऱ्या एका दुकानातून माणूस आला, २५६ जीबीची एसएसडी घातली, माझ्यासमोर बसून क्लोन केलं. सी ड्राइव्हवर ९२ जीबी होते, सहज मावले. रॅम तूर्त तेवढीच. २२ ला रविवारी सकाळी अपडेट सोडला. बसायला आणि दोनदा रिस्टार्ट व्हायला मिळून पाऊण तास गेला, मी त्या वेळात मशीनला हात लावला नाही. मग टॅली, टोकन, प्रिंट तिन्ही तपासून २२ मार्चपर्यंत पॉज. कालनिर्णयवर प्रत्येक महिन्याच्या २२ च्या चौकोनात ‘अपडेट’ लिहून ठेवलंय, दूध आणि गॅसच्या नोंदींच्या शेजारी. सासूबाईंनी विचारलं हे काय, तर त्यांनाही समजावून सांगितलं.

स्टार्टअपमधून नऊ प्रोग्रॅम काढले. सिसमेनचा प्रयोगही केला. फिरत्या डिस्कवर बंद ठेवल्यावर सकाळी थोडा फरक वाटला होता. एसएसडीवर चालू असो वा बंद, मला काही वेगळं जाणवत नाही, म्हणून चालू ठेवली.

काल ११ मार्च, बुधवार. पावणेनऊला बसले, टॅली उघडायला दहा सेकंदही लागले नाहीत. टास्क मॅनेजर उघडा ठेवला होता, मन घाबरत होतं. डिस्क तीन टक्के, पाच टक्के. अपडेटच्या पानावर ‘२२ मार्चपर्यंत थांबवलेले’ असंच लिहिलेलं. दुकानदारांची पाचही दुपारी दोनपर्यंत झाली. कंपनीच्या विवरणपत्रावर सही झाली सव्वाचारला. कोल्हापूरच्या त्या व्यापाऱ्यांना मी स्वतःहून फोन केला, की फेब्रुवारीतली राहिलेली आणि आत्ताची, दोन्ही बिलं १४ च्या २बी मध्ये दिसतील. ते म्हणाले, बघतो आणि कळवतो.

अजून एक विचारायचं होतं. ‘विंडोज सर्च’ पण त्या एकेचाळीसात होती. ती अजून डिसेबल्डच आहे. मला बिलांच्या पीडीएफ नावानं शोधायला लागतात, आणि आत्ता फार वेळ जातो. चालू केली तर पुन्हा डिस्क धरून बसेल का?

---

पहाटपाळी
१२ मार्च, रात्री ९.२०

एसएसडीवर नाही बसणार, निर्धास्त चालू करा. ‘ऑटोमॅटिक, डिलेड स्टार्ट’ ठेवा, म्हणजे मशीन सुरू झाल्यावर थोड्या वेळानं उठेल. पहिल्यांदा सगळी सूची नव्यानं तयार होईल, तेव्हा आज रात्री चालू करून मशीन तसंच सोडा. आणि कंट्रोल पॅनेलमध्ये ‘इंडेक्सिंग ऑप्शन्स’ उघडून ‘मॉडिफाय’मध्ये फक्त बिलांचा फोल्डर आणि स्टार्ट मेनू ठेवा, टॅलीच्या डेटाच्या फोल्डरवरची खूण काढा. त्या फायली दिवसभर बदलत असतात, त्यांची सूची करून तुम्हाला उपयोग काहीच नाही.